दिसू लागले म्हणून संपले नाही



मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर येणाऱ्या सुजेविषयी या सदरात लिहिल्यानंतर अनेकांची पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच होता : "डॉक्टरांनी डोळ्यात स्टिरॉइडचे इम्प्लांट घालावयास सांगितले आहे. घालू द्यावे काय? त्याने डोळा तर जाणार नाही ना?" एका शब्दात उत्तर द्यावयाचे तर 'घालू द्यावे' असेच मी म्हणेन. योग्य रुग्णाला या औषधाने वाचण्याजोगी दृष्टी परत मिळते, हे मी माझ्या व्यवसायाच्या शेवटच्या वर्षांत अनेकदा पाहिले आहे. परंतु हे उत्तराचे अर्धेच अंग झाले. उरलेले अर्धे मला माझ्या घरातच शिकावे लागले आणि त्याची किंमत माझ्या थोरल्या बहिणीने मोजली. तिच्या अनुमतीने ती हकीकत आज सांगत आहे.

माझी बहीण, जिला घरात लहानथोर सारे अक्का म्हणतात, तेव्हा 71 वर्षांची होती. मधुमेह जुना. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पूर्वीच झालेली. उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी सूज आली. नेहमीची इंजेक्शने चार-पाच वेळा देऊनही ती हटेना, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी डेक्सामेथासोनचे इम्प्लांट घातले. महिन्याभरात सूज ओसरली आणि अक्का पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागली. दोन महिन्यांच्या तपासणीत डोळ्यातील दाब 26 निघाला. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, दाब उतरला, पुढे थेंबही बंद झाले. सारे यथास्थित पार पडले होते.

नऊ महिन्यांनी सूज परत आली. त्या वेळी अक्का पुण्यास मुलाकडे होती. फाइल मात्र जयसिंगपूरच्या घरी, कपाटात. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "मागच्या वेळी काही त्रास झाला होता का?" अक्काने प्रामाणिकपणे सांगितले, "काही नाही, डोळा छान झाला होता." ती खोटे बोलली नव्हती. दाब वाढला होता तेव्हा तिला दुखले नव्हते, खुपले नव्हते, अंधूकही झाले नव्हते. जे जाणवलेच नाही ते तिच्या लक्षात कसे राहावे? दुसरे इम्प्लांट घातले गेले. याही वेळी सूज उतरली. दोन महिन्यांनी तपासणीस यावे असे कागदावर स्पष्ट लिहिले होते. पण तोवर अक्का गावी परतली होती आणि घरात नातवाचे लग्न निघाले होते.

तिने मला फोन केला. "अरे, आता पोथीतलं बारीक अक्षरसुद्धा दिसतंय की मला. मग मुद्दाम तपासायला कशाला जायचं?" मी नेत्रवैद्य. चाळीस वर्षे लोकांचे डोळे तपासले. तरीही मी उत्तर दिले, "बरं, लग्न होऊन जाऊ दे, मग जा."

ती गेली तेव्हा इम्प्लांट घालून साडेचार महिने होऊन गेले होते. उजव्या डोळ्याचा दाब 42 होता. तक्त्यावरील अक्षरे ती जवळजवळ तळाच्या ओळीपर्यंत वाचत होती. परंतु दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा कागद यंत्रातून बाहेर आला तेव्हा त्यावर वरच्या बाजूस कमानीसारखा काळा पट्टा उमटलेला होता. दृष्टीच्या नसेचा काही भाग कायमचा मेला होता. अक्काला त्याचा पत्ताच नव्हता, कारण उजव्या डोळ्याची उणीव डावा डोळा भरून काढीत होता.

हे मी तिथल्या डॉक्टरांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्यांनी तारीख लिहून दिली होती. ती तारीख पुढे ढकलण्याचा सल्ला माझा होता.

या औषधाचा स्वभाव

स्टिरॉइड म्हणजे दाह शमविणारे अत्यंत प्रभावी औषध. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये 1948 साली फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली व्यक्ती काही दिवसांत चालू लागली. या शोधमालिकेसाठी हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना 1950 चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु औषधाची दुसरी बाजूही लवकरच दिसू लागली. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांना मोतीबिंदू होतो, हे 1960 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच दशकात बर्नार्ड बेकर आणि मन्सूर आर्मली यांनी दाखवून दिले की, स्टिरॉइडचे थेंब काही आठवडे घातले असता काही माणसांच्या डोळ्यातील दाब लक्षणीय वाढतो, तर काहींचा मुळीच वाढत नाही. म्हणजे हा गुण औषधाचा जितका, तितकाच त्या त्या माणसाच्या डोळ्याचाही आहे.

दाब का वाढतो, हे समजून घेऊ. डोळ्याच्या पुढील भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो आणि कोपऱ्यातील एका सूक्ष्म जाळीतून तो सतत बाहेर झिरपत असतो. आवक आणि जावक यांचा मेळ असतो तोवर दाब साधारणपणे पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरच्या दरम्यान राहतो. स्टिरॉइडच्या प्रभावाने काहींच्या डोळ्यात त्या जाळीच्या तंतूंमध्ये गाळ साचल्यासारखे होते. पाणी येत राहते, पण वाट अरुंद होते. वाढलेला दाब मागे दृष्टीच्या नसेवर पडतो. हळूहळू वाढणारा दाब दुखत नाही, हीच त्यातली खरी भीती आहे.

थेंब आणि कांडी यांतील भेद

आता इम्प्लांटकडे वळू. आपल्याकडे प्रामुख्याने वापरले जाते ते ओझर्डेक्स या नावाचे. अमेरिकेत त्याला प्रथम 2009 साली पडद्याच्या रक्तवाहिनीत अडथळा आल्याने येणाऱ्या सुजेसाठी मान्यता मिळाली. 2010 मध्ये युव्हिआयटिससाठी, म्हणजे डोळ्याच्या आतील दाहासाठी, आणि 2014 मध्ये मधुमेहाच्या सुजेसाठीही ती मिळाली. ही सुमारे 6 मिलिमीटर लांबीची आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीची कांडी असते. तिच्यात 0.7 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन असते. डोळा बधिर करून, पांढऱ्या भागातून सुईने ती आतील जेलीसारख्या द्रवात सोडतात. टाका लागत नाही. कांडी ज्या पदार्थाची बनलेली असते तो हळूहळू विरघळतो आणि शेवटी पाणी व कर्बवायू होऊन नाहीसा होतो. औषधाचा परिणाम साधारण तीन ते सहा महिने टिकतो.

दुसऱ्या प्रकारच्या इम्प्लांटमध्ये फ्लुओसिनोलोन हे स्टिरॉइड असते. ते विरघळत नाही आणि अडीच ते तीन वर्षे औषध सोडीत राहते. यांपैकी रेटिसर्ट हे 2005 मध्ये मान्यता मिळालेले इम्प्लांट शस्त्रक्रियेने आत टाका घालून बसवावे लागते. आयलुविएन हे सुईने सोडता येते.

इम्प्लांटचा मोठा लाभ असा की, गोळीचे स्टिरॉइड सर्व शरीरभर फिरते आणि रक्तातील साखर व रक्तदाब वाढविते; हे मात्र डोळ्यातच राहते, रक्तात जाणारा अंश अत्यल्प असतो. दर महिन्याला इंजेक्शन घेण्याचा त्रासही वाचतो. पण याच लाभाच्या पोटात अडचण दडलेली आहे. थेंबाने दाब वाढला तर थेंब बंद करता येतो, गोळी कमी करता येते. कांडी एकदा आत गेली की तिचे काम संपेपर्यंत ती तेथेच असते. म्हणून तिच्या दुष्परिणामांची वाट पाहून चालत नाही, त्यांची वेळ आधीच ठाऊक असावी लागते. सुदैवाने ती बऱ्याच अंशी ठाऊक आहे. ती वेळ कोणती, हे क्रमाने पाहू.

पहिला आठवडा : जंतुसंसर्ग आणि पडदा

सुई डोळ्यात जाते म्हणजे जंतू आत जाण्याची शक्यता असतेच, मात्र ती फार थोडी. म्हणूनच सुईपूर्वी पोव्हिडोन आयोडीनने डोळा धुतात. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला, थोडे खुपले, एखादी काळी रेघ तरंगताना दिसली तर घाबरू नये. कांडीच कधी कधी अशी रेघ होऊन दिसते. परंतु डोळा दिवसेंदिवस अधिक लाल होऊ लागला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा नजर उतरू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर डोळ्यातील द्रवाचा नमुना घेऊन आतच प्रतिजैविक सोडावे लागते, आणि तेथे काही तासांचाही फरक पडतो. स्टिरॉइड दाह दाबून ठेवते, त्यामुळे वेदना अपेक्षेहून कमी असू शकते. 'फार दुखत नाही, उद्या पाहू' असे म्हणू नये.

डोळ्यापुढे विजेसारखे चमकणे, एकाएकी काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखे दिसणे किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली येणे, ही दृष्टिपटल सुटल्याची लक्षणे असू शकतात. त्यासाठीही त्याच दिवशी तपासणी हवी.

पहिले काही आठवडे : कांडी पुढे सरकणे

ही गुंतागुंत विरळा आहे, पण ज्यांना ती संभवते त्यांनी तिची माहिती ठेवलीच पाहिजे. डोळ्याच्या मागील आणि पुढील भागांमध्ये भिंगाच्या पिशवीची एक नैसर्गिक आडभिंत असते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ती मागची पिशवी फाटलेली असेल, कृत्रिम भिंग वेगळ्या ठिकाणी टाके घालून बसविलेले असेल किंवा डोळ्यात भिंगच नसेल, तर कांडी पुढच्या कप्प्यात घसरू शकते. मागील जेली काढण्याची शस्त्रक्रिया अशा डोळ्यात आधी झाली असेल, तर हा धोका अधिक वाढतो. पुढे आलेली कांडी बुबुळासमोरच्या पारदर्शक पारपटलाला टेकते. त्याच्या आतील नाजूक पेशी मरतात, त्या पुन्हा निर्माण होत नाहीत, आणि पारपटल सुजून पांढुरके होते. काही रुग्णांना पुढे पारपटलाचे रोपण करावे लागले आहे.

म्हणून पिशवी फाटलेली असल्यास हे इम्प्लांट घालू नये, अशी सूचना उत्पादकाच्या माहितीपत्रकातच आहे. नजर एकाएकी धुरकट झाली किंवा आरशात बुबुळापुढे पांढरी काडी दिसली, तर पालथे झोपू नये, वाकून काम करू नये, उताणे पडून राहावे आणि तशाच स्थितीत शक्य तितक्या लवकर डॉक्टरांकडे जावे. काही वेळा बाहुली मोठी करून आणि रुग्णाला उताणे ठेवून कांडी पुन्हा मागे नेता येते. तसे न झाल्यास ती शस्त्रक्रियेने काढून टाकावी लागते. पारपटल सुजू लागले असेल तर या निर्णयाला दिवस लावू नयेत.

दुसरा महिना : दाब

आता अक्काच्या तारखेपाशी आपण पोहोचलो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'जिनिव्हा' या मोठ्या अभ्यासात डेक्सामेथासोनच्या इम्प्लांटनंतर रुग्णांचा दाब वारंवार मोजला गेला. दाब 25 किंवा त्याहून अधिक असलेल्यांचे प्रमाण 60 व्या दिवशी सर्वांत जास्त, म्हणजे 16 टक्के होते. 180 व्या दिवसापर्यंत ते बहुतेक पूर्ववत झाले. हे आकडे नीट पाहावेत. ज्या सुमारास औषधाचा गुण पुरेपूर येतो आणि रुग्णाला सर्वांत छान दिसू लागते, त्याच सुमारास दाबही शिखरावर असतो. रुग्णाला वाटते, आता काय तपासायचे? आणि तपासायचे असते ते नेमके तेव्हाच.

यात दिलासा देणारी गोष्टही मोठी आहे. वेळीच सापडलेला दाब बहुधा थेंबांनीच आटोक्यात येतो. मधुमेही सुजेच्या रुग्णांवर तीन वर्षे चाललेल्या 'मीड' या अभ्यासात, जो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, 0.7 मिलिग्रॅमची कांडी मिळालेल्यांपैकी अवघ्या 0.6 टक्के रुग्णांना दाबासाठी पाण्याची नवी वाट करण्याची शस्त्रक्रिया लागली. दीर्घकाळ टिकणाऱ्या इम्प्लांटांचे चित्र मात्र वेगळे आहे. रेटिसर्टच्या माहितीपत्रकानुसार तीन वर्षांत सुमारे 77 टक्के रुग्णांना दाबाची औषधे आणि सुमारे 37 टक्क्यांना शस्त्रक्रिया लागते. औषध जितके दीर्घकाळ डोळ्यात राहील, तितकी दक्षताही दीर्घकाळ हवी.

उपचाराची पायरी अशी असते. प्रथम एक थेंब, पुरेसा न ठरल्यास दुसरा, तिसरा. दमा असणाऱ्याने किंवा ज्याच्या हृदयाचे ठोके मंद आहेत त्याने ते डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण टिमोलोलसारखे थेंब त्याला चालत नाहीत. दाब फारच वाढला असेल तर थोडे दिवस ॲसिटाझोलामाइडची गोळी देतात. तिने बोटांना मुंग्या येतात, लघवी अधिक होते. मूत्रपिंडाचा विकार किंवा सल्फाची ॲलर्जी असल्यास आधीच सांगावे. थेंबांनी न भागल्यास जाळीवर लेसर करता येतो. त्यानेही न भागल्यास शस्त्रक्रियेने पाण्याला नवी वाट करून देतात. न विरघळणारे इम्प्लांट असेल तर प्रसंगी ते काढून टाकण्याचाही विचार होतो.

आपल्या वाचकांसाठी येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. उपवासाच्या दिवसांत 'थेंब घशाशी उतरतो' म्हणून काही जण तो सोडून देतात, असे मी पाहिले आहे. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे हलके दाबून धरावा. तसे केल्याने औषध नाकाघशात फारसे उतरत नाही आणि डोळ्यावर परिणामही अधिक चांगला होतो. ही पद्धत वैद्यकातील नित्याचीच आहे. ज्यांची ॲसिटाझोलामाइडची गोळी चालू आहे त्यांनी, आणि सर्वच मधुमेहींनी, निर्जळ उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये.

वर्ष-दोन वर्षे : मोतीबिंदू

ज्यांचे नैसर्गिक भिंग अजून शाबूत आहे, त्यांच्या डोळ्यात वारंवार इम्प्लांट घातल्यास मोतीबिंदू बहुधा होणारच, असे धरून चालावे. वर उल्लेखिलेल्या 'मीड' अभ्यासात नैसर्गिक भिंग असलेल्या डोळ्यांपैकी 67.9 टक्क्यांमध्ये तीन वर्षांत मोतीबिंदूची तक्रार उद्भवली. ही दाबाइतकी काळजीची बाब नाही, कारण मोतीबिंदू काढता येतो आणि दृष्टी परत मिळते. मेलेली नस परत मिळत नाही. मात्र मोतीबिंदू काढणाऱ्या सर्जनला पूर्वी किती इम्प्लांटे झाली, कोणत्या डोळ्यात झाली, पडद्याची सूज सध्या कशी आहे, हे सारे सांगावे. त्या शस्त्रक्रियेत पिशवी शाबूत राहिली की नाही, हेही नंतर विचारून लिहून ठेवावे. पुढील इम्प्लांटचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

घालण्यापूर्वी सांगावयाच्या गोष्टी

गुंतागुंतीचे व्यवस्थापन खरे तर सुई टोचण्यापूर्वीच सुरू होते. काचबिंदू असल्यास, आईवडिलांना किंवा भावंडांना तो असल्यास, पूर्वी कोणत्याही स्टिरॉइडने दाब वाढला असल्यास, चष्म्याचा उणे क्रमांक फार मोठा असल्यास ते आपण होऊन सांगावे. अशा डोळ्यांत दाब वाढण्याची शक्यता अधिक असते. काचबिंदूने नस फार झिजलेली असेल तर हे इम्प्लांट वर्ज्यच मानतात. डोळ्याला पूर्वी नागिणीसारखा विषाणूजन्य आजार झाला असल्यास किंवा क्षयरोगाचा इतिहास असल्यास तोही सांगावा. डोळ्याच्या आतील दाह क्षयासारख्या जंतूंमुळे असेल, तर जंतूंवरील औषधावाचून नुसते स्टिरॉइड देणे धोक्याचे ठरते.

आणखी एक सवय मोडावयास हवी. डोळा लाल झाला की औषधाच्या दुकानातून 'मागच्या वेळचाच थेंब' आणण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. अशा कित्येक थेंबांमध्ये स्टिरॉइड असते. आत कांडी आणि वरून तेच औषध, असे झाल्यास दाबावर दुहेरी भार पडतो.

वाचकांनी कात्रण काढून ठेवावे म्हणून थोडक्यात देतो :

1. इम्प्लांटचे नाव, डोळा उजवा की डावा, तारीख, घालण्यापूर्वीचा दाब आणि नंतरचा प्रत्येक दाब हे एका कागदावर लिहून तो कागद सदैव जवळ ठेवावा. फाइल घरी राहते, माणूस प्रवासाला जातो.

2. घातल्यानंतर कधी यावयाचे ते डॉक्टर सांगतील. त्यातील दोन महिन्यांच्या सुमाराची दाबाची तपासणी कोणत्याही कारणाने चुकवू नये. ज्या गावी असाल त्या गावच्या नेत्रवैद्याकडे दाब मोजून घ्यावा. त्याला काही मिनिटेच लागतात.

3. मागील वेळी दाब वाढला नव्हता, म्हणून या वेळी तपासणी टाळू नये. मागील वेळी वाढला असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे.

4. अधूनमधून एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने पाहावे. दोन्ही डोळे उघडे असताना एकाची हानी लपून राहते. मात्र ही घरची पाहणी दाबाच्या मोजमापाला पर्याय नव्हे.

5. वाढती वेदना, वाढती लाली, एकाएकी उतरलेली नजर, चमक, सावली, बुबुळापुढे पांढरी काडी : यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी जावे.

अक्काचे पुढे काय झाले, हे विचारल्यावाचून वाचक राहणार नाहीत. तीन प्रकारचे थेंब आणि काही दिवस गोळी यांनी दाब 22 वर आला. पुढे कांडीचा अंमल ओसरला, तसा तो 15 वर स्थिरावला. शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. दृष्टिक्षेत्रातील तो काळा पट्टा मात्र आजही तेवढाच आहे. वाढला नाही, हेच आमचे समाधान. त्यानंतर तिच्या डॉक्टरांनी पूर्ण विचारान्ती, दाबाचा एक थेंब आधीपासूनच चालू ठेवून, आणखी एकदा इम्प्लांट घातले. मी तेव्हा घाबरलो होतो. ती घाबरली नाही. "पडदा सुजला तर वाचता येणार नाही, आणि दाबाचं काय करायचं ते आता ठाऊक आहे," असे ती म्हणाली. त्या खेपेला दाब 23 च्या पुढे गेला नाही.

दोष औषधाचा नव्हता. आपल्याला बरे वाटणे आणि डोळा बरा असणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे आम्ही दोघांनी गृहीत धरले होते. तिने रुग्ण म्हणून धरले, ते क्षम्य आहे. मी वैद्य असून धरले.

आता तिच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर दाबाच्या तारखेभोवती लाल वर्तुळ असते आणि पदराच्या गाठीत असावी तशी एक घडी घातलेली चिठ्ठी तिच्या पिशवीत असते. त्या तारखेला संध्याकाळी मी फोन करतो. पूर्वी मी विचारीत असे, "अक्का, दिसतंय ना नीट?" आता विचारतो, "अक्का, आज आकडा किती आला?"

आपणही आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना हाच प्रश्न विचारावा, एवढीच विनंती. पुढील अंकात दाबाचे थेंब घालण्याची योग्य पद्धत आणि ते घालताना होणाऱ्या नेहमीच्या चुका यांविषयी बोलू.